आधी हाक, मग लायकी





पुनरुत्थानकाळातील चौथा रविवार आपण 'उत्तम मेंढपाळाचा रविवार' म्हणून पाळतो. योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील मेंढपाळाचे शब्द या दिवशी मिस्सामध्ये वाचले जातात. सहावे पॉल हे पोप असताना, १९६४ सालापासून, याच रविवारी जगभरातील ख्रिस्तसभा पाचारणासाठी प्रार्थना करीत आली आहे. आज आपल्या वेदीवरूनही तीच प्रार्थना होईल. 'प्रभो, तुझ्या मळ्यात कामकरी पाठव,' असे आपण सगळे एका सुरात म्हणू आणि मिस्सानंतर घरी जाऊ. पण हा कामकरी कोणाच्या घरातून यायचा, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारत नाही. आज तो विचारायचा आहे.

मेंढपाळ म्हणजे काय, हे आपल्या नगर जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पिके निघाली की धनगर आपला वाडा घेऊन शिवारात उतरतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढरे बसवून घेतात. पहाटे धनगर एक विशिष्ट आवाज काढतो आणि शे-दोनशे मेंढरे उठून त्याच्या मागे चालू लागतात. तोच आवाज आपण काढून पाहिला तर एकही मेंढरू मान वळवत नाही! आणखी एक गोष्ट तुम्ही पाहिली असेल. हाक घालताना धनगर मेंढरू धडधाकट आहे की लंगडे, हे पाहत नाही. लंगड्यालाही हाक असते. ते मागे राहिले तर तो थांबतो. वेळ आली तर खांद्यावर घेतो.

पाचारणाबद्दल मला आज जे सांगायचे आहे, ते एवढ्यातच आले. देव आधी हाक मारतो. आपल्याला लायक करण्याचे काम त्याची कृपा मागून करते. आपण मात्र हा क्रम उलटा करून ठेवला आहे.

माझ्या हातून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथे बारावीला असलेला एक मुलगा रोज संध्याकाळी वेदीसेवक म्हणून यायचा. एकदा मिस्सा संपल्यावर तो वस्त्रागारात घुटमळत राहिला. मी विचारले, "काय रे, काही काम आहे का?" तो म्हणाला, "फादर, मला फादर व्हावंसं वाटतं. पण आमच्यासारख्याची काय लायकी? माझे वडील दारू पितात, हे सगळ्या गावाला माहीत आहे."

दोन दिवसांनी मी त्याच्या घरी गेलो. कांद्याची काढणी चालू होती. आई रोजाने जाऊन नुकतीच परतली होती. हातपाय धुऊन तिने चहा टाकला. विषय काढताच ती म्हणाली, "फादर, तुम्ही म्हणता ते देवाचंच काम आहे, मी नाही म्हणत नाही. पण एकुलता एक आहे हो. याला देऊन टाकला तर मी कोणाकडं बघायचं?"

त्या माउलीचे डोळे पाहून मला पुढे काही बोलता येईना. "बघू पुढं," एवढे म्हणालो, चहा घेतला आणि मोटारसायकल चालू केली. पुढे माझी बदली झाली. तो मुलगा आज एका कंपनीत नोकरी करतो. त्याचे लग्न झाले आहे, संसार नीट चालला आहे. कदाचित देवाने त्याला तेथेच बोलावले असेल. त्याचा निवाडा मी करणार नाही. पण त्या दिवशी त्याने जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर मी त्याला दिले नाही, आणि त्याच्या आईलाही दिले नाही. आज हा लेख लिहिताना ती दोघे माझ्या डोळ्यांसमोर आहेत. जे त्यांना सांगायला हवे होते, ते आज तुम्हाला सांगतो.

कृपा म्हणजे मजुरी नव्हे

'कृपा' हा शब्द आपण रोज उच्चारतो. 'नमो मरिया' म्हणताना तर दिवसातून कितीतरी वेळा म्हणतो. तिचा साधा अर्थ असा की जे आपण कमावलेले नाही, आणि कमावूही शकत नाही, ते देव आपल्या प्रेमापोटी देतो. मजुरी कामानंतर मिळते. बक्षीस पहिला नंबर आल्यावर मिळते. कृपा या दोन्हींसारखी नाही.

प्रभू येशूने द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला सांगितला, तो आठवा. आपल्याकडे सकाळी चौकात मजूर उभे असतात, तसेच ते लोक बाजारात उभे होते. ज्यांना दिवसभर कोणी कामावर घेतले नव्हते, त्यांनाही धन्याने शेवटच्या तासाला बोलावले आणि पूर्ण दिवसाचा रोज दिला. चौकात शेवटपर्यंत कोण उरते, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हातारा, अशक्त, ज्याच्या कामावर मुकादमाचा भरवसा नाही, तो उरतो. त्याला धन्याने बोलावले. ही कृपा.

पवित्र शास्त्रात ज्यांना ज्यांना देवाने हाक मारली, त्यांच्यापैकी अनेकांनी आधी 'मी त्या योग्यतेचा नाही' असेच उत्तर दिले आहे. मोशे म्हणाला, मला बोलता येत नाही. यिर्मया म्हणाला, मी अजून पोरगाच आहे. जाळे फाटेस्तोवर मासे सापडले तेव्हा पेत्र येशूच्या पाया पडला आणि म्हणू लागला की मी पापी आहे, तू माझ्यापासून दूर जा. पौलाने तर ख्रिस्तसभेचा छळ केला होता. यांपैकी कोणालाही देवाने 'तू खरोखरच लायक आहेस' असे प्रशस्तिपत्र दिले नाही. 'मी तुझ्याबरोबर आहे' एवढाच भरवसा दिला. तो मिळाल्यावर तोतऱ्या जिभेचा मोशे फारोपुढे उभा राहिला आणि तीनदा नाकारणारा पेत्र मेंढरांचा राखणदार झाला.

फ्रान्समधील संत जॉन मेरी व्हियानी यांचे उदाहरण तर आम्हा धर्मगुरूंना फार धीर देणारे आहे. शेतकऱ्याचा मुलगा, शिक्षणात मोठा खंड पडलेला, लॅटिन भाषा काही केल्या डोक्यात शिरत नव्हती. गुरुविद्यालयात त्यांचा टिकाव लागणे कठीण झाले होते. तरी १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि आर्स नावाच्या एका लहानशा खेड्यात त्यांना पाठवण्यात आले. त्या खेड्यात पापनिवेदनासाठी दुरून दुरून लोकांची रीघ लागली. आज ते जगभरातील धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत आहेत.

गावकुसाबाहेर आलेली हाक

'आमची काय लायकी?' हे वाक्य त्या मुलाच्या तोंडी कोठून आले? वडिलांच्या दारूमुळे आले, हे खरे. पण त्याची मुळे आणखी खोल आहेत.

आपल्या जिल्ह्यातील बहुतेक कॅथलिक घराण्यांचे पूर्वज दलित समाजातून आले. ते गावकुसाबाहेर राहिले. पाणवठा वेगळा, देवळाची पायरी बंद, हातात पाटी-पुस्तक घेण्याची मुभा नाही. 'तुमची लायकी नाही' हे त्यांना पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले. एखादी गोष्ट शंभर वेळा ऐकली की माणूस ती स्वतःच बोलू लागतो. आपले आजोबा-पणजोबा बोलू लागले आणि आज त्यांचा नातू वस्त्रागारात उभा राहून तेच बोलतो.

बंधू-भगिनींनो, हे वाक्य देवाचे नाही. ते माणसांनी आपल्या तोंडात घातले आहे. देवाची हाक आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेरच आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषा बोलणारे येशूसंघीय धर्मगुरू राहुरी तालुक्यातील केंदळसारख्या आडगावी घोड्यावरून आणि बैलगाडीतून पोचले. ते आपल्या वस्तीत आले आणि आपल्याबरोबर बसले-जेवले. 'तुम्हीही देवाची लेकरे आहात' हे त्यांनी आपल्या माणसांना त्यांच्याच भाषेत सांगितले. आपण आधी शिकलो-सवरलो आणि मग देवाने आपल्याला बोलावले, असे घडले नाही. त्याने आधी बोलावले. शाळा, बोर्डिंग, अक्षरओळख हे सारे त्यामागून आले.

आणि त्या हाकेला फळ आले. १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि आपला जिल्हा त्यात आला. त्याचे पहिले महागुरुस्वामी येशूसंघीय थॉमस भालेराव झाले. भालेराव! आपल्या सोयऱ्याधायऱ्यांत आढळणारे हे आडनाव. ज्या समाजाला देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते, त्या समाजातील मुले आज वेदीवर उभी राहून ख्रिस्ताचे शरीर हातात घेतात, आणि मुली धर्मभगिनी होऊन शाळा-दवाखाने चालवतात. म्हणून पुन्हा कोणी 'आमची काय लायकी' म्हणाले, तर त्याला आपला हा इतिहास सांगा.

टिळकांना नगरला आणणारी कृपा

याच्या उलट टोकाची एक गोष्ट आपल्याच नगरच्या मातीत घडली. ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. टिळक आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेचे नव्हते, ते अमेरिकन मराठी मिशनचे होते. पण त्यांची भजने आपल्याही मंदिरांत गायली जातात, त्यामुळे ते कोणाला परके नाहीत.

टिळकांना आपण लायक नाही असे वाटण्याचे काहीच कारण नव्हते. ब्राह्मण कुळ, संस्कृतचा अभ्यास, कविता आणि वक्तृत्व हे सर्व त्यांच्याकडे होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना नवा करार भेट दिला. ते वाचीत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी अडकले. पण लगेच दुसऱ्या दिवशी ते ख्रिस्ती झाले नाहीत. विचार, वाद, घालमेल चालू राहिली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते नगरला आले आणि आणखी नऊ वर्षांनी, १९०४ साली, त्यांना पाळकपणाची दीक्षा मिळाली. म्हणजे रेल्वेतल्या त्या भेटीपासून दीक्षेपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला. ज्यांना वाटते की पाचारण म्हणजे आकाशातून एकदाच येणारी वीज, त्यांनी हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे विहिरीला पाणी लागते, तसे ते पुष्कळदा असते. रोज थोडे खणायचे, मध्येच खडक लागतो, आणि मग एखाद्या दिवशी ओल दिसते.

टिळकांच्या बाबतीत कृपेला वेगळेच काम करावे लागले. त्यांना आपली 'लायकी' खाली ठेवावी लागली. जातीचा मान गेला, नातेवाईक दुरावले. नगरला येऊन ते अशा लोकांचे सेवक झाले, ज्यांची सावलीही पूर्वी त्यांच्या घराण्याने टाळली असती. पण त्यांची कविता मात्र देवाने काढून घेतली नाही. कृपा माणसाचा स्वभाव मोडत नाही, त्यालाच पूर्णत्वाला नेते, अशी संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आहे. जो कवी होता तो कवीच राहिला. फक्त त्याच्या गाण्याला आता ख्रिस्त सापडला.

आणि लक्ष्मीबाईंना विसरून कसे चालेल? हाक पतीला आली आणि घाव पत्नीला बसला. काही वर्षे त्यांनी पतीपासून दूर, लोकांचे बोल ऐकत काढली. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे लगेच सोडले नाही. कोणी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. त्यांच्या मनातला भेदभाव त्यांच्याच मनात वितळला आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांच्या मागे त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले, आणि ज्या बाईला शाळा माहीत नव्हती, तिने 'स्मृतिचित्रे' लिहिली. तात्पर्य काय? देव एकाला हाक मारतो, तेव्हा तिची झळ सगळ्या घराला लागते. पण ज्या घराला झळ लागते, त्या घरावर कृपाही उतरते.

हाक कोठे नेईल, हे आपल्या हाती नाही

पाचारणाला होकार देणाऱ्याने पुढचा नकाशा मागू नये. आपले 'निरोप्या' मासिक फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली केंदळहून सुरू केले. १९०७ मध्ये ते पुण्याचे महागुरुस्वामी झाले. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा जर्मन धर्मगुरूंवर सरकारची बंधने आली. कोणी नजरकैदेत पडले, कोणी मायदेशी पाठवले गेले. डोरिंगस्वामींनाही आपल्या मेंढरांपासून दूर राहावे लागले. १९२१ साली त्यांची नेमणूक झाली ती थेट जपानमध्ये, हिरोशिमाला! मराठी शिकलेल्या माणसाने साठी उलटल्यावर पुन्हा नव्या देशात, नव्या भाषेत आरंभ करायचा. ते गेले. १९२७ मध्ये देवाने त्यांना पुन्हा पुण्याला आणले.

धर्मगुरू कमी पडले, त्या काळात श्रद्धा कोणी धरून ठेवली? गावोगावच्या मास्तरांनी. सायकल नाही, पगार तुटपुंजा, तरी संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात मुलांना प्रार्थना शिकवणारे, आजाऱ्याजवळ बसणारे, मयताला हजर राहणारे आपले मास्तर आणि त्यांच्या पत्नी. त्यांना गुरुदीक्षा नव्हती, पण पाचारण नक्की होते. आज तुमच्या घरात ज्या जुन्या प्रार्थना तोंडपाठ आहेत, त्या बहुधा अशाच कोणा मास्तरांनी तुमच्या आजीला शिकवल्या असतील.

नंतरच्या काळात, १९४८ साली, स्वित्झर्लंडहून फादर हर्मन बाखर आले. दुष्काळात माणसे गाव सोडून जाताना त्यांनी पाहिली. डोंगरावर पडणारे पाणी डोंगरावरच मुरले पाहिजे, हा ध्यास त्यांनी घेतला. गावकऱ्यांनीच एकत्र येऊन चर खणायचे, बांध घालायचे, झाडे जगवायची. त्यातून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीचे नाव त्या कामामुळे दूरवर पोचले. २०२१ साली फादर बाखर प्रभूकडे गेले. एका धर्मगुरूचे पाचारण पाणी अडवण्यात फळाला येईल, असे दीक्षेच्या दिवशी कोणी सांगितले असते का?

हन्नाचा नवस

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे येतो. 'एकुलता एक देऊन टाकला तर मी कोणाकडे बघायचे?'

हा प्रश्न स्वार्थाचा नाही. आपल्याकडे म्हातारपणी पेन्शन नसते. मुलगा हाच आधार असतो. म्हणून या आईला उपदेश करण्यापूर्वी मी बायबलमधील दुसऱ्या एका आईकडे जातो. हन्नाला मूल नव्हते. लोकांची टोचणी सहन करीत ती मंदिरात गेली, रडली, आणि तिने नवस केला की मुलगा झाला तर तो देवाला देईन. शमुवेल जन्मला. त्या वेळी तोही तिचा एकुलता एकच होता. दूध तुटल्यावर तिने त्याला मंदिरात नेले आणि नवस फेडला.

नवस हा शब्द आपल्याला नवा नाही. १९४९ साली फादर जेराल्ड बाडर यांनी हरेगावला मतमाउलीची यात्रा सुरू केली, तेव्हापासून दर सप्टेंबरात तेथे माणसांचा पूर लोटतो. आपणही जातो. कोणी मूल मागते, कोणी नोकरी, कोणी आजारातून सुटका. मागावे, जरूर मागावे. आई आहे ती. पण 'माउली, माझ्या घरातून एखादे लेकरू तुझ्या पुत्राच्या सेवेला घे,' असा नवस आपल्यापैकी किती जणांनी केला आहे?

हन्नाच्या गोष्टीतला एक बारकावा मला फार आवडतो. मुलाला देवाच्या घरी ठेवल्यावर ती दर वर्षी त्याच्यासाठी एक लहानसा अंगरखा शिवून न्यायची. म्हणजे दिलेला मुलगा तुटला नाही. दर वर्षी तिने मापाचा अंदाज घेतला असेल, एवढा वाढला असेल, तेवढा वाढला असेल. आई ती आईच राहिली. आणि पुढे देवाने तिला आणखी तीन मुलगे व दोन मुली दिल्या. देव कोणाचे उसने ठेवत नाही. प्रत्येक आईला तो असाच, मुलांच्या रूपानेच परत देईल, असे मी सांगणार नाही. पण जी आई आपला मुलगा देवाला देते, तिच्या म्हातारपणाची जबाबदारी देवाच्या लोकांवर येते. म्हणजे आपल्या सर्वांवर. ज्या धर्मग्रामातून मुलगा सेमिनरीत गेला, त्या धर्मग्रामाने त्याच्या आईवडिलांकडे पाहायला हवे. त्या दिवशी त्या माउलीला हे आश्वासन देण्याऐवजी मी मोटारसायकल चालू केली.

आम्ही एली आहोत

शमुवेलाला रात्री हाक आली, पण ती देवाची आहे हे त्याला समजेना. तो तीनदा एलीकडे धावला. एली म्हातारा झालेला, डोळे अधू. स्वतःच्या मुलांना त्याने वळण लावले नव्हते, त्यांनी याजकपणाला काळिमा फासला होता. अशा त्या एलीनेच अखेर ओळखले की या पोराला देव बोलावतो आहे, आणि त्याला काय उत्तर द्यायचे ते शिकवले.

आम्हा धर्मगुरूंकडे पाहून तुमच्यापैकी काहींचे मन दुखावले असेल. आमचा रागीटपणा, पैशाबाबतचा व्यवहार, गरिबाला दारात ताटकळत ठेवणे. 'असेच व्हायचे असेल तर माझा मुलगा नको,' असे कोणी म्हणाले तर त्यात त्यांचा दोष नाही. त्याबद्दल मी क्षमा मागतो. पण एलीकडे बघा. एलीच्या घरचे दिवे विझत आले होते, म्हणून देवाने हाक मारणे थांबवले नाही. उलट त्याच घरात झोपलेल्या एका लहान मुलाला त्याने उठवले. आमच्या उणिवांमुळे हाक थांबत नाही. उलट चांगल्या मुलांची गरज वाढते.

आणखी एक विनंती. जो मुलगा सेमिनरीतून किंवा जी मुलगी कॉन्व्हेंटमधून परत येते, तिला 'पळून आली', 'काढून टाकले' असे टोमणे मारू नका. तेथली वर्षे हाक पारखून घेण्यासाठीच असतात. पारखून घेतल्यावर 'माझा मार्ग संसाराचा आहे' हे कळणे, हेही देवाचेच उत्तर आहे. आपल्या टोमण्यांच्या भीतीने कितीतरी मुले पहिले पाऊलच टाकत नाहीत. लग्न, शिक्षकाचा पेशा, नर्सचे काम, शेती यांतही बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाला पाचारण आहेच.

या आठवड्यात

शेवटी तीन साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, आज रात्री घरी रोझरी म्हणताना एक दशक आपल्याच घरातील मुलांच्या पाचारणासाठी म्हणा. 'कोणालातरी पाठव' असे मोघम म्हणू नका. मुलांची नावे घेऊन म्हणा.

दुसरी, घरात 'आपली काय लायकी' हे शब्द उच्चारणे बंद करा. मुलांसमोर तर नकोच.

तिसरी, एखादे मूल प्रार्थनेत रमते, आजाऱ्याजवळ बसते, प्रश्न विचारते, असे दिसले तर त्याला थट्टेत उडवू नका. एलीसारखे ओळखा. माझ्याकडे किंवा सिस्टरांकडे घेऊन या. या वेळी मी 'बघू पुढं' म्हणणार नाही. बसून ऐकेन, आणि त्याच्या आईवडिलांचेही ऐकेन.

आपण प्रार्थना करू या:

हे उत्तम मेंढपाळा, आम्ही तुला ओळखण्याआधी तू आमचे नाव घेतलेस. गावाबाहेर राहणाऱ्या आमच्या पूर्वजांना तू आपल्या मेजावर बसवलेस. आमच्या लेकरांच्या कानी तुझी हाक पडू दे. ती ऐकण्याचे धैर्य त्यांना दे, त्यांना मोकळे करण्याचे बळ त्यांच्या आईवडिलांना दे, आणि ती ओळखण्याची नजर आम्हा धर्मगुरूंना दे. मतमाउली, तू 'होय' म्हणालीस, तसे म्हणायला आम्हाला शिकव. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपला सेवक,
तुमचे फादर